पाच नंबर दाबा

– आई, ते गुलाबी जाकीट काढ आधी. किमचीच्या कोबीला तिखट चोळताना कोणी फॅनक्लबचं जाकीट घालतं का?

– बे चुनहो फॅनक्लबच्या देगू शाखेची प्रमुख आहे मी, आणि आज टीव्हीवर निकाल आहे. तू गुमान लसूण सोल, हेजिन.

– म्हणे ‘पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रेष्ठ गायक’! आजीच्या वेळचे, तुझ्या वेळचे, माझ्या वेळचे, सगळे एका रांगेत उभे करायचे आणि नंबर द्यायचे. काय अर्थ आहे का याला?

– आहे. पहिला बे चुनहो. संपलं.

– तीस वर्षं तो माणूस प्रत्येक गाण्यात एकाच बंदरावर उभा राहून रडतोय, आई!

– आणि तुझी ती पोरं? सात जणांत मिळून एक गाणं. एकेकाच्या वाट्याला दीड ओळ, बाकी नुसत्या उड्या!

– जगभर ऐकतात त्यांना.

– ऐकू देत की. तुझे बाबा गेले तेव्हा आलं होतं का जग? आठ महिने माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. दुकानात रेडिओवर हा गायला लागला आणि मी मागनं गुणगुणले. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले गं मी. अशा माणसाला पहिला नंबर नको?

– ...किती जणींनी दिलं मत?

– दोनशे चाळीस जणी आहोत. पहाटे पाचला उठून सगळ्यांना मेसेज टाकला. चष्मा लावा, पाच नंबर दाबा, इकडेतिकडे बघू नका. एका फोनवरून एकच मत, चुकलं की चुकलं.

– आई, पाच नंबर मागच्या फेरीत होता.

– मग?

– अंतिम फेरीत नंबर बदललेत. चुनहो आता दोनवर आहे.

– काय सांगतेस! आणि पाचवर?

– माझी पोरं.

– अगं आई गं! माझ्या म्हाताऱ्यांची मतं त्या उड्या मारणाऱ्यांना? साडेपाच वाजले, सहाला मतदान बंद! तुला कधी कळलं हे?

– आई...

– कधी कळलं?

– सकाळी. नऊला, तू मेसेज दाखवलास तेव्हा.

– नऊला? आणि दिवसभर माझ्यासमोर बसून राहिलीस?

– वाटलं, साधा टीव्हीचा कार्यक्रम तर आहे. आणि माझी पोरं पहिली आली असती गं. यांना गाता येत नाही, यांना गाता येत नाही, हेच ऐकत आलेय मी तुझ्याकडून. चुकलं माझं. मी करते सगळ्यांना फोन, काही जणींचं राहिलं असेल अजून. सांगते त्यांना, मीच मुद्दाम...

– गप्प बस. माझे हात तिखटाचे आहेत. क्लबातल्या योंगजाताईंचा नंबर लाव आणि धर माझ्या कानाशी.

(हेजिन नंबर लावून फोन आईच्या कानाशी धरते.)

– योंगजाताई? मी मालसुक. मत दिलंत का हो? नाही? बरं झालं बाई! दोन दाबा, दोन. हो, हो, मीच चुकीचा नंबर कळवला. घ्या, प्रमुखपद आजच काढून घ्या माझं, पण आधी दोन दाबा आणि पुढच्या जणींना कळवा. काय? हेजिन? हो, घरीच आहे ना सकाळपासून. नाही हो ताई, तिलाही आत्ताच कळलं.