सात नंबरचा शिक्का

ब्रेक बसवून होईपर्यंत शिक्षिकाबाई गॅरेजच्या बाकावर वह्या तपासत बसल्या होत्या. पलीकडे उघड्या इंजिनापाशी मेकॅनिकची आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांची चांगलीच जुंपली होती, आणि बाईंचं पेन केव्हाच थांबलं होतं.

“काका, टर्बो बसवला की ताकद दुप्पट होणार. पिस्टनचा जोर झेलणारे हे रॉड कंपनीचे आहेत, साध्या गाडीसाठी बनवलेले. टिकायचे नाहीत.”

“टिकतील.”

“चारही बदलू या. शर्यतीत गाडी तुमची लेक चालवणार आहे, मी नाही.”

“म्हणूनच सांगतोय. कंपनी कागदावर लिहायची त्याच्या दुप्पट ताण देऊन मी तपासलेत ते.”

“तुम्ही?”

“त्याच कारखान्यात तीस वर्षं रॉड तपासायला होतो. साहेब म्हणायचे, दहातला एक बघ, बाकीचे सोड. मी एकूणएक बघायचो. बोलणी खाल्ली, बढती गेली, पण ताणून बघितल्याशिवाय शिक्का मारला नाही. पूस ते तेल आणि वाच. माझा शिक्का सात नंबर.”

“थांबा. हो, सात आहे.”

“दुसरा?”

“सात. तिसराही सात.”

“मग? मघापासून कुणाला नावं ठेवत होतास?”

“चौथ्यावर नऊ आहे, काका.”

बाईंनी वही मिटली.

“नीट पूस.”

“पुसलं. नऊच आहे.”

“मग तो काढ आधी. आणि नवा आणशील त्याचं वजन माझ्या तिघांशी जुळवून घे.”