ऊन दाखवलेली बुरशी

रत्नागिरी स्टँडवर हर्ण्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या सावित्रीबाईंचे कान शेजारच्या मायलेकींकडे लागले होते. लेक पुण्याला निघालेली, मांडीवर प्रयोगाच्या काचेच्या बशांचा उघडा डबा.

"आई, ह्या बशा कोरड्या कशा?"

"सगळ्यांत बुरशी धरलेली गो, मृणाली. लोणच्याच्या बरणीसारखं ऊन दाखवलं."

"ती बुरशी न्यायलाच मी आले होते. तिच्या जनुकांवर माझी पीएचडी आहे. तिच्यातून औषध निघेल असं वाटत होतं. मेली ती."

"मग दुसरी ने. आपल्याकडे बुरशीला काय तोटा?"

"ही फक्त वठलेल्या आंब्यावर होती. तो बाबांनी परवा तोडला."

"मग लाकडं आहेत की पडवीत."

"सालीसकट?"

"सालीसकट. पण आता थोडीच उरली असतील."

"थोडीच का?"

"न्हाणीच्या चुलीत तीच घालतात ना हे."

मृणालीने फोन लावला. हर्ण्याची गाडी लागली, भरली, तरी सावित्रीबाई बाकावरून हलल्या नाहीत.

"बाबा उचलत नाहीत, आई."

"कसे उचलतील? आता त्यांची आंघोळीची वेळ."