लाल शर्टवाले आपले

...आणि वर मला कोणी बोलतही नाही! म्हणजे बोलावंच, चूक माझीच आहे, पण तुम्हाला सांगतो, मुद्दाम नाही हो केलं. आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, आत गॅसचा बुडबुडा सोडला आणि डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस पालथं झोपायचं. मान वर करायची नाही." हे सांगितलं कुणाला? जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला, ज्यानं वीस वर्षांत युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेचा एकही महत्त्वाचा सामना चुकवला नाही! आणि नेमकी तिसऱ्या दिवशी मध्यरात्री सेमीफायनलची निर्णायक लढत. एकीकडे अण्णांचा क्लब, दुसरीकडे शिंपीकाकांचा. शिंपीकाका म्हणजे अण्णांच्या शेजारचे दुकानदार, एरवी जिवाभावाचे मित्र, फुटबॉल लागला की वैरी.

त्यात आमच्या टीव्हीचा आवाज गेलेला, आणि वरचा कोपरा काळा पडलेला, जिथे गोल किती झाले ते दिसतं, नेमका तोच. अण्णा मधे भोक असलेल्या उशीत तोंड खुपसून म्हणाले, "तू बघ आणि मला सांग. सोपं आहे. लाल शर्टवाले आपले."

आता मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण लाल म्हणजे लाल, एवढं तरी कळतं ना? बसलो सांगत. "अण्णा, आपल्याने मारला... गेला आत." उशीतून आवाज, "कोणी मारला?" "केस बांधलेल्याने." "आपल्यात केस बांधलेला कुठाय?" "नवीन असेल." आपले तीन गोल झाले, पांढऱ्यांचा एक. अण्णा पालथ्या पालथ्या पाय आपटत होते. मग सगळे खेळाडू थांबले आणि पडद्यावर मधोमध ठसठशीत अक्षरांत निकाल आला... अण्णांचा क्लब एक, शिंपीकाकांचा तीन. दोन्ही क्लब लालच घालतात म्हणे, म्हणून त्या दिवशी पाहुण्यांनी, म्हणजे आपल्यांनी, पांढरे घातले होते! हे मला कोण सांगणार? मुद्दाम नाही हो केलं.

खाली बघतो तर अण्णांचे खांदे हलत होते. म्हणाले, "वीस वर्षांत पहिल्यांदा शिंप्याला हरवलं रे. उद्या बोलाव त्याला." बायकोने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "सांगून टाका. आत्ता सांगा." मी तोंड उघडलं... आणि म्हटलं, "बोलावतो अण्णा."

हे मात्र मुद्दाम केलं.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाका आले, स्वतः शिवलेला नवाकोरा लाल शर्ट घालून. दारातच अडवलं, हात जोडले, सगळं सांगितलं. म्हटलं, "काका, डॉक्टर उठू देईपर्यंत सांभाळून घ्या." काका बराच वेळ स्वतःच्या शर्टाच्या बटणाशी खेळत राहिले. मग आत जाऊन उशाशी बसले, म्हणाले, "जिंकलास बाबा." आणि अण्णा तासभर बोलले हो... "तुझा गोलकीपर म्हणजे तू शिवलेली विजार, मधून सगळं जातं." काका आपले, "खरंय." आणि मी बाहेर कपाट पुसत उभा. आधीच पुसलेलं.

दहाव्या दिवशी अण्णांनी मान वर केली, आणि पेपर हातात पडायच्या आत मी सांगून टाकलं. "अण्णा, आपण हरलो होतो. रंग चुकला माझा." वाटलं, आता भडकतील. पण एवढंच विचारलं, "म्हणजे शिंपी जिंकून आला होता... आणि तासभर माझं ऐकून घेतलं?"

"हो."

"चप्पल दे माझी."

माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. दुकानात जाऊन काकांना म्हणाले, "फायनलला मी तुझ्याकडून."

फायनल बघितली काकांच्याच दुकानात. दोघे म्हातारे पुढे, मी मागे कापडाच्या गठ्ठ्यावर, मला कोणी काही विचारेना. शेवटच्या मिनिटाला काकांचा क्लब हरला. मी माफी मागायला पुढे झालो, तर काकांनी पाठीवर हात ठेवला. "अरे, तुझ्यामुळे एकदा आधीच हरून झालं होतं. या खेपेला एवढं लागलं नाही."

दोन शिव्या हासडल्या असत्या तर सुटलो असतो. चहा मागवला हो त्यांनी माझ्यासाठी... आणि मी प्यायलो.