फादरांच्या खुर्चीचा चार्ज

—नाही, नाही, तुम्ही त्याच खुर्चीत बसा मॅडम. माझं काय, मी आपला या स्टुलावर बरा. उपप्राचार्य झालो तेव्हा मला पलीकडे स्वतंत्र खोली मिळाली होती, पण मोठे फादर, म्हणजे तुमच्या आधीचे प्राचार्य, इथून हाक मारायचे, "लतीऽफ", की मी येऊन इथंच टेकायचो, त्यामुळे स्टूल माझंच होऊन गेलं — तेवढं चार्ज लिस्टमध्ये नाही, ते राहू दे. बाकी एकेक वस्तू बघून घ्या आणि मग सही करा. कपाटं तीन, त्यातल्या मधल्याचं कुलूप जरा दाबून फिरवावं लागतं. शिक्के चार. भिंतीवरचे फोटो सात, सगळे आपले आधीचे प्राचार्य, सगळे फादर, सगळे पांढऱ्या झग्यात. आठवा खिळा मी परवाच हैबतीकडून ठोकून घेतलाय, तुमच्यासाठी. पहिला प्रापंचिक माणूस या भिंतीवर — म्हणजे फादर नसलेला, घरदार असलेला. हैबती शिपाई आहे आपला, बाहेर उभा आहे तो. खिळा ठोकताना मला म्हणतो, "सर, बाईंचा फोटू साडीत लागल, बरा दिसंल काय?" म्हटलं, तुला काय करायचंय, तू खिळा सरळ ठोक.

पुण्याहून कशा आलात, वरंधा घाटानं? — हां, म्हणजे महाडवरूनच आलात. मी रोज महाडहूनच येतो. एस.टी.नं. सत्त्याहत्तर साली लागलो, तेव्हा पोलादपुरात कॉलेज म्हणजे तीन खोल्या आणि फादरांचा बंगला. आमच्या मोहल्ल्यात लोक वडिलांना म्हणायचे, पोरगं पाद्र्यांकडे काय लावलंत, कुवेतला पाठवा. माझा भाऊ इम्रान गेला. मी राहिलो. पण फादरांनी मला कधी म्हटलं नाही की तू अमक्यातला. रोज्यांत तर माझ्यासमोर पाणीसुद्धा प्यायचे नाहीत.

काय? — मॅडम, हे तुम्ही सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय. नाही केला मी या पदासाठी अर्ज. का म्हणजे? चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. ब्लडप्रेशर आहे. रोजचा प्रवास आहे. आणि मुंबईची माणसं, पुण्याची माणसं अर्ज करणार, त्यात आपण कुठं. नूरजहाँनं, म्हणजे आमच्या घरातूनही हेच विचारलं. "सगळं कॉलेज तुमी चालवता, मग फॉरम का नाय भरला?" तिलाही हेच सांगितलं. अर्जच लिहिला नाही, तर भरणार काय.

आता तुम्हाला सांगतो, तुम्ही नवीन आहात म्हणून. इथली रीत वेगळी आहे. फादर लोकांत मागायचं नसतं. ते तशी शपथच घेतात, की मोठं पद मागणार नाही, मिळावं म्हणून खटपट करणार नाही. त्यांचे वरचे फादर असतात मुंबईला, त्यांचं पत्र येतं — चार ओळींचं — की तुम्हाला अमक्या ठिकाणी पाठवण्यात येत आहे. संपलं. आठ दिवसांत एक ट्रंक भरायची आणि निघायचं. मी पाच प्राचार्य असे येताना बघितले आणि पाच जाताना. एकानंही कधी "मला हवं होतं" किंवा "नको होतं" म्हटलं नाही. मला ते फार आवडायचं. आपल्याकडे सोसायटीच्या चेअरमनपदासाठी माणसं भावाशी बोलायची बंद होतात हो, आणि इथं हे असं. सव्वीस वर्षं बघून बघून माझीही तीच सवय झाली. वर्ग दिला, घेतला. वसतिगृह दिलं, सांभाळलं. उपप्राचार्यपदाचं पत्रसुद्धा न मागता टेबलावर आलं होतं. वाटायचं, जे द्यायचं ते देतील, आपण वाट बघायची.

आणि मग मागच्या वर्षी त्यांच्याकडे फादरच उरले नाहीत. नवी पोरं येतात कुठं आता त्यात? ठरलं, की प्राचार्य बाहेरचा, प्रापंचिक, कुठल्याही धर्माचा चालेल. जाहिरात देऊन. मोठ्या फादरांनी जाहिरातीचा मसुदा आणून माझ्यापुढं ठेवला — इथंच, या कोपऱ्यावर — आणि म्हणाले, "लतीफ, वाच." मी वाचला. म्हटलं, "फादर, दुसऱ्या ओळीत अनुभवाची वर्षं राहिलीत, आणि पत्त्यात तालुका घाला." ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. म्हणाले, "बरं, घालतो."

छापून आली तेव्हा पेपर घडी करून माझ्या खोलीत ठेवला. मला वाटलं, फाईलला लावायला. मी कात्रण कापून लावलं जाहिरातींच्या फाईलला.

नाही, राग कसला? मला काहीच वाटत नाही. खरं सांगतो, तुमची निवड झाली त्या दिवशी मी नोटीस टाईप केली, बोर्डावर लावली, घरी जाऊन जेवलो आणि झोपलो. नूरजहाँ रडली. मी नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, आपला गाल आपलाच वाटत नाही, तसं काहीतरी झालंय. जाईल.

ती हिरवी फाईल आहे ना, तुमच्या हाताशी — निवडीची. तीसुद्धा लिस्टमध्ये आहे, सोळा नंबर. ती फादरांच्या कपाटात असायची. मी आज सकाळी पहिल्यांदा उघडली, पानं मोजायला. जाहिरातीची मुदत पंधरा दिवस वाढवली होती, तुम्हाला आठवत असेल. त्याची नोटीस महाडला पेपरवाल्या एजंटाकडे मीच नेऊन दिली होती. मला वाटलं, अर्ज कमी आले असतील. चौदा आले होते. मग वाढवली कशाला? आत फादरांची चिठ्ठी आहे, वरच्या फादरांना लिहिलेली, बघा, नवव्या पानावर. — वाचा तुम्हीच. मी वाचलंय. "मुदत वाढवावी. एक अर्ज अजून यायचा आहे. तो माणूस आपल्यापैकी नाही, त्यामुळे मी त्याला आज्ञा देऊ शकत नाही. त्याने स्वतःहून यायला हवे."

बास. एवढंच आहे.

माणसानं तोंडानं म्हणायला काय हरकत होती? एकदा म्हणाले असते — लतीफ, भर. मी उभ्याउभ्या भरला असता. पण त्यांना वाटलं, फादर नसलेल्या माणसाला फादरासारखं पाठवायचं नाही. आणि मला वाटलं, फादरांपुढं मागायचं नाही. ते माझी वाट बघत होते नि मी त्यांची. समोरासमोर बसून हो, मध्ये हे टेबल.

आता गेल्या गुरुवारी गेले ते, पुण्याला, म्हाताऱ्या फादरांचं घर आहे तिथं. ट्रंक मीच गाडीत चढवली. खिडकीतून म्हणाले, "लतीफ, तू इतका आज्ञाधारक नको होतास." मी म्हटलं, "पोचल्यावर फोन करा, फादर."

तुमच्या मुलाखतीच्या दिवशी मी व्हरांड्यात होतो, आठवतंय ना? तुम्हाला पाणी मीच दिलं. यादी माझ्याच हातात होती, एकेकाला आत सोडायचं काम. दर वेळी दार उघडून फादर स्वतः बाहेर यायचे. मला वाटायचं, यांचे गुडघे एवढे दुखतात, हाक मारायची सोडून उठतात कशाला. शेवटच्या तुम्ही होतात. तुम्ही गेल्यावर ते परत आले बाहेर. बाकं रिकामी होती. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आणखी कोणी आहे का, लतीफ?"

मी यादीवरून बोट फिरवलं. खालपर्यंत. म्हटलं, "कोणी नाही, फादर."

खिशात होता माझ्या, अर्ज. — हो, लिहिला होता. मघाशी नाही म्हटलं तुम्हाला, नूरजहाँलाही नाही म्हटलं. एक पान लिहायचं होतं ना, आपण या पदाला योग्य का आहात म्हणून, तेसुद्धा लिहिलं होतं. सही केली होती. घडी घालून इथं, या खिशात, वाटलं फादर म्हणाले की काढून देऊ. ते म्हणालेच होते की. "आणखी कोणी आहे का, लतीफ?" आणि मी यादी बघितली, मॅडम. यादी बघितली मी.

— असू दे, असू दे, पाणी नको मला. सही करा तुम्ही. इथं, खाली. तारीख घाला.

काय रे हैबती, दारात काय उभा? बारा वाजले? घंटा वाजवायची की नाय, ते मला काय विचारतोस. मॅडम बसल्यात ना समोर. त्यांना विचार.