महिन्याला सरासरी सहा फोन

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे नंबराची वाट पाहत होते. त्यातला एक कारखान्यात आकडेवारी सांभाळून निवृत्त झालेला.

"फोन-बिन येतात का हो कुणाचे?"

"येतात की! गेल्या वर्षीची सरासरी महिन्याला सहा."

"वा, नशीबवान आहात."

"एकूण बहात्तर. सगळे एकाच दिवशी. आमची ही गेली, त्या दिवशी."

"अहो, मग ती कसली सरासरी? एका दिवसानं फुगलेली!"

"कारखान्यात असला भलताच आकडा आला की मी बिनदिक्कत वगळायचो. हाही वगळून पाहिला."

"मग?"

"शून्य उरलं. गुपचूप परत घातला."

"...तुमचा नंबर सांगा बघू. उद्या करतो."

"उद्या नको, आजच करा. महिना आज संपतोय."