रंग उडालेले निऑन

(सकाळ. सासरे दवाखान्यात, लेक त्यांच्याजवळ; जावई सासऱ्यांच्या घरून फोनवर.)

जावई : मामा, रागावू नका, पण तुमच्या माशांचं काहीतरी बिघडलंय. सगळ्यांचा रंग उडालाय.

सासरे : सगळ्यांचा? अहो, काल तर म्हणालात मजेत आहेत!

लेक : अरे, ही वेळ आहे का हे सांगायची? बाबांना आत्ता ऑपरेशनला नेतील. पोट फाडणार आहेत त्यांचं, आणि तू मासे घेऊन बसलायस!

सासरे : तू थांब गं. फोन इकडे आण. हं, जावईबापू, टाकीतला दिवा कधी लावलात?

जावई : हा काय, आत्ताच. खोलीत काळोख होता. दिवा लावून बघतो तर सगळे पांढुरके, धुऊन विटलेल्या फडक्यासारखे. निळी रेघ नाही, लाल नाही, काही नाही.

सासरे : हात्तिच्या! झोपेतून उठवलंत हो त्यांना. हे निऑन मासे झोपताना रंग उतरवून ठेवतात. दिवा लागला म्हणून लगेच नटूनथटून हजर होतील का? जरा दम धरा.

लेक : बाबा, पडून बोला.

जावई : आली, आली! एकाची रेघ उजळली. त्याच्या शेजारच्याचीही. शेपटीकडे लालही चढतोय!

सासरे : बघा! नखाएवढा जीव आणि काय तो थाट! मूळचे काळपट पाण्यातले ना ते, झाडांच्या सावलीतले. ती रेघ चमकते म्हणून एकमेकांना सापडतात. घोळक्यातच आहेत ना सगळे?

जावई : हो. म्हणजे… नाही. एक तिकडे फिल्टरच्या मागे आहे. हलतोय, पण निघत नाही.

सासरे : अडकला. काढा त्याला. निऑन एकटा पडला की हाय खातो, खाणंपिणं सोडतो.

लेक : बाबा, न्यायला आलेत तुम्हाला.

सासरे : त्यांना म्हणावं, जरा थांबा. माझा मासा अडकलाय.

लेक : असं कसं म्हणू मी?

सासरे : मग मी म्हणतो. अहो, एक मिनिट हं! बोला, जावईबापू.

जावई : मामा, मला मासा हातात धरवत नाही. किळस नाही हो, धास्ती वाटते. चिरडलाच तर?

सासरे : धरायचाच नाही. आधी फिल्टर बंद करा. मग काचेपासून बोटभर ओढा, हळूच. फट दिसली की तो आपला आपण जाईल.

जावई : बंद केला. हात घातलाय… बाही भिजली सगळी… ओढतोय…

सासरे : अहो, पुढे बोला की!

जावई : सुटला! सुळकन घोळक्यात शिरला. आता त्यातला तो कोणता, तेच ओळखू येत नाहीये.

सासरे : यायचंच नाही. त्यांच्यात ना कुणी पुढारी, ना कुणी मागचा. शाब्बास! चला हो, न्या आता मला. हा चष्मा धर गं.

जावई : मामा, फिल्टर परत सुरू करू ना? मामा?

लेक : नेलं रे त्यांना. जाता जाता ओरडून सांगितलं, फिल्टर सुरू करा म्हणावं.

जावई : केला. तू कशी आहेस?

लेक : कालपासून रडले नव्हते. आता दार लागलं आणि…

जावई : खाणं घालतो आणि निघतोच मी.

(संध्याकाळ. दवाखान्यातली खोली.)

सासरे : कोण? जावईबापू? तुम्ही इथे?

जावई : बोलू नका, मामा. सगळं नीट झालंय. डॉक्टर खूश आहेत.

सासरे : मासे…

जावई : झकास. खाण्यावर तुटून पडले सगळे.

सासरे : आणि पोरगी कुठंय?

जावई : सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या. खाली पाठवलंय जबरदस्तीने. तुम्ही झोपा, मी बाहेर बाकावर बसतो.

सासरे : बाहेर कशाला? ये रे, इथंच बस.