कालवणातली गोळी

मनोविकार विभागाच्या औषधखिडकीशी जाई रांगेत उभी होती आणि तिच्यापुढे एक कोळीण व तिची लेक यांची चांगलीच जुंपली होती.

"आये, दादाची गोळी कालवनात कुटून घालनं आता बंद!"

"सांगून दिली तर फेकंल तो."

"आता ताटच फेकतो. इख घालता बोलतो. चार दिवस जेवला नाय, म्हंजे गोळीपन पोटात नाय."

"मागं गोळी सुटली तवा माज्यावर कोयता उचललान. इसरलीस?"

"सुटली तवा ना? नंतर दोन वर्सं गोळी चालू व्हती, कोनाला बोट लावलंन?"

"नाय गो. गपगुमान जाळी विनायचा."

"मंग सांग त्याला. फेकली तर दाक्तरला बोलू, उद्या परत देऊ."

पाकीट हातात पडताच आईने पदर खोचला आणि दूरच्या बाकावर बसलेल्या मुलाला हाक मारून जवळ बोलावलं.

"दिपेश, हात कर. ही तुजी गोळी. दोन वर्सं मी चोरून कालवनात घातली. इख नाय, औषद हाय."

दिपेशने गोळी उलटीसुलटी करून पाहिली.

"म्हंजे कालवन कडू लागायचं ते खरंच! मला वाटायचं, भास होतो."

"चुकले रं."

"आता कालवन चांगलं कर. पानी आन, गोळी गिळतो."